छापाचित्रांचं प्रदर्शन करताय? या चुका टाळा

नाशिकला छपाई नवी नाही. १९२६ पासून नाशिकरोडला पोस्टाची तिकिटं छापली जाताहेत, १९२८ पासून नोटा. नोटेचा नंबर कधी चुकत नाही. आम्ही छापाचित्रवाले, म्हणजे प्लेट कोरून तिच्यावरून कागदावर प्रती काढणारे चित्रकार, मात्र नेमके नंबरातच मार खातो.

एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने कोरलेलं) असो, वुडकट (लाकडावर कोरलेलं) असो की लिनो (लिनोलियमवर कोरलेलं), प्रतीखाली डावीकडे ३/१५, उजवीकडे सही आणि साल, सगळं पेन्सिलीनं. ३/१५ म्हणजे पंधरातली तिसरी प्रत. पंधरा म्हटल्या की पंधराच. खपल्या म्हणून त्याच प्लेटवरून आणखी दहा काढणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे. पहिल्या गिऱ्हाइकाने पंधराचा भाव मोजलेला असतो. स्वतःसाठी थोड्या प्रती हव्यात तर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ, चित्रकाराची स्वतःची प्रत) लिहून वेगळ्या ठेवा, साधारण एडिशनच्या, म्हणजे नंबर घातलेल्या एकूण प्रतींच्या, दहा टक्के. त्या मागच्या दाराने विकायला नाहीत.

माझ्या हातून एकदा ७/१२ हा नंबर दोन प्रतींवर पडला. एक नाशकात गेली, एक पुण्याला. एकाच सातबाऱ्यावर दोन मालक! पुण्याच्या गृहस्थांना फोन करून कबूल केलं, प्रत परत मागवली आणि ८/१२ पाठवली. तेव्हापासून वही आहे: प्लेट, कागद, शाई, तारीख, कुठली प्रत कुणाकडे. प्रदर्शनाला दिलेली प्रतसुद्धा त्यात लिहा. तीन महिन्यांनी ती कुठे आहे हे आठवत नाही, आणि परत मागायचंही राहून जातं.

फ्रेमवाल्याला 'बसवून द्या' एवढंच सांगू नका. तो मागून सेलोटेप मारतो. दोन-तीन पावसाळ्यांत टेप पिवळी पडते, डाग कागदातून पुढे येतो, मग काढता येत नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ पुरते. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ॲसिड-फ्री घ्या, जाडही घ्या, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. टेकली की दमटपणात शाई काचेला चिकटते. मुंबईला न्यायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक बरं. कसारा घाटातले हिसके काचेला सोसत नाहीत. काचच असली तर वरून मास्किंग टेपची फुली मारा, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत.

फोटो फ्रेम करण्याआधी काढा. काचेत तुमचाच मोबाईल दिसलेली चित्रं परीक्षक बाजूला ठेवतात.

अर्जांचं थोडक्यात. बऱ्याच स्पर्धांना गेल्या दोन-तीन वर्षांतलंच काम चालतं, तेव्हा जुन्या प्लेटवर नवं साल टाकायचा मोह नको. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज आणि प्रदर्शनाची तारीख यांत वर्षं जातात. चित्रं तयार झाल्यावर अर्ज करू म्हणणारा ताटकळतो. आणि बायोडेटात समूह प्रदर्शन 'एकल' म्हणून घुसडू नका. कॅटलॉग जपून ठेवणारी माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत.