दृष्टिपटलातील रिसेप्टरांवर काम सुरू करताना: औषध नेमके कुठे लागू पडते?

सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलावर काम सुरू करणाऱ्यांना रिसेप्टरांची यादी लवकरच पाठ होते. प्रकाशसंवेदी पेशी अंधारात ग्लुटामेट हे चेतापारेषक (पुढच्या पेशीला संदेश देणारे) रसायन सोडत राहतात. ऑफ-बायपोलर पेशी (प्रकाश कमी झाल्यावर चेतणाऱ्या मधल्या पेशी) ते एएमपीए आणि काइनेट रिसेप्टरांनी टिपतात, तर ऑन-बायपोलर पेशींवरील (या प्रकाश वाढल्यावर चेततात) एमग्लूआर६ हा रिसेप्टर त्याच ग्लुटामेटमुळे टीआरपीएम१ ही वाहिनी बंद ठेवतो. एवढे येत असेल तर पाया पक्का आहे, घाबरण्याचे कारण नाही. मात्र या यादीच्या जोरावर गँग्लियन पेशीची (दृष्टिपटलाचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशीची) एखादी विद्युत नोंद पाहून रिसेप्टरचा पत्ता सांगू नये.

माझी सर्वांत जास्त दमछाक एल-एपी४ ने केली, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. हे औषध एमग्लूआर६ ला ग्लुटामेटप्रमाणेच चालू करते आणि ऑन-मार्ग बंद पाडते. अशा वेळी गँग्लियन पेशीचा ऑफ-प्रतिसादही नाहीसा झाला, तर ऑफ-बायपोलरवरही हाच रिसेप्टर असावा, असे वाटू लागते. तसे नसते. मंद प्रकाशात दंड या प्रकाशसंवेदी पेशींचा संदेश मुख्यतः दंड-बायपोलर पेशीकडे जातो आणि ती ऑन प्रकारची असते. ती एआयआय अमॅक्राइन पेशीला (बायपोलर पेशींना जोडणाऱ्या मधल्या पेशीला) चेतवते. एआयआय पेशी ऑन-शंकू-बायपोलरशी (शंकू म्हणजे उजेडात काम करणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशी) गॅप जंक्शनने, म्हणजे थेट विद्युत जोडणीने, जोडलेली असते, तर ऑफ-शंकू-बायपोलरच्या अक्षतंतूच्या टोकावर ग्लायसिन हे अवरोधक चेतापारेषक सोडते. म्हणजे या मार्गाने आलेला ऑफ-प्रतिसादसुद्धा आधी एमग्लूआर६ मधूनच गेलेला असतो. त्याची दिशा उलटते ती पुढे, ग्लायसिन रिसेप्टरांपाशी. म्हणूनच ग्लायसिन रिसेप्टर अडवणारे स्ट्रिक्नीन दिल्यावरही तो ढासळतो. ऊती तीच, औषधाची मात्राही तीच ठेवून पार्श्वप्रकाश शंकू पेशींच्या पातळीपर्यंत वाढवला, की ऑफ-प्रतिसाद एल-एपी४ असतानाही बहुतांशी टिकून राहतो. अंधारात, इन्फ्रारेड प्रकाशात काढलेले दृष्टिपटल आणि उजेडात हाताळलेले दृष्टिपटल यांच्या नोंदी एकाच आलेखात घालणारा विद्यार्थी पुढे कितीही गणित करो, त्याचा गुंता सुटत नाही.

गाबा या दुसऱ्या अवरोधक चेतापारेषकाच्या बाबतीत तर घाई अधिकच नडते. पिक्रोटॉक्सिन हे औषध गाबा-ए आणि गाबा-सी हे गाबाचे दोन्ही रिसेप्टर अडवते आणि जास्त मात्रेत ग्लायसिन रिसेप्टरांनाही सोडत नाही. बायक्युक्युलीन गाबा-ए साठी, टीपीएमपीए गाबा-सी साठी, अशी विभागणी करूनच पुढे जावे. त्यातही बायपोलरच्या टोकावरील गाबा-सी अडवला की तिथून ग्लुटामेट जास्त सुटते, अमॅक्राइन पेशी अधिक चेततात आणि दुसऱ्याच वाटेने अवरोध वाढतो. चार-पाच ब्लॉकर एकत्र ओतून ‘उरलेला प्रतिसाद’ मोजण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. ती शिकवणारे मार्गदर्शक सहसा स्वतः सेटअपवर बसत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिसेप्टर कुठे आहे हेच विचारायचे असेल, तर पातळ काप घ्यावा, बायपोलर पेशीवर पॅच करावे (काचेची पिपेट चिकटवून तिचा विद्युतप्रवाह मोजावा), कॅडमियम किंवा कोबाल्टने चेतापारेषकाचे उत्सर्जन थांबवावे आणि पिपेटमधून औषध आधी डेंड्राइटवर व नंतर अक्षतंतूच्या टोकावर फुंकावे. सुरुवातीला बरेच काप वाया जातात. त्याने खचू नये, हात बसायला वेळ लागतोच. पूर्ण दृष्टिपटलावरच काम करावे लागणार असेल, तर गँग्लियन पेशीचा व्होल्टेज सुमारे उणे ६० ते ७० मिलिव्होल्टवर धरून उत्तेजन आणि ० च्या आसपास धरून अवरोध वेगळा मोजावा, आणि प्रत्येक नोंदीसमोर औषधाच्या मात्रेबरोबर पार्श्वप्रकाशाची तीव्रताही त्याच वेळी लिहावी.