लेट्रोझोल सुरू करताय? आधी रिपोर्ट उघडा

माझं गर्भाशय आणि बीजकोश काढून ९ वर्षं झाली होती. म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी, असं वाचल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, मग इस्ट्रोजेन येतंय कुठून? मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अँड्रोजेन ही दुसरी हार्मोनं बनवत राहतात आणि चरबीतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. गाठीतसुद्धा हे चालू शकतं. लेट्रोझोलची गोळी त्या विकरालाच अडवते.

तेव्हा आधी आयएचसीचा, म्हणजे गाठीच्या पेशी रंगवून केलेल्या तपासणीचा कागद काढा. ईआरपुढे १ टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. १ ते १० म्हणजे कमी; त्याबद्दल वेगळं विचारा.

मग पाळीचं स्पष्ट सांगा. पाळी चालू असेल तर नुसतं लेट्रोझोल चालत नाही. इस्ट्रोजेन घटलं की मेंदू बीजकोशांना आणखी कामाला लावतो. अशा वेळी बीजकोश शांत करणारं इंजेक्शन जोडीला देतात, नाहीतर टॅमॉक्सिफेन. टॅमॉक्सिफेन पेशीतली इस्ट्रोजेनची जागा अडवतं, पण यकृतात त्याचं एन्डॉक्सिफेन, म्हणजे त्याचं जास्त जोरकस रूप व्हावं लागतं. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या त्यात अडथळा आणतात. म्हणून घरातल्या तुमच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका.

लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर. मी दिवेलागणीला घेते आणि कालनिर्णयवर त्या तारखेला टिंब देते.

तिसऱ्या महिन्यात सकाळी माझ्या बोटांची मूठ वळेना, फडकं पिळता येईना. मी कुणाला न सांगता ११ दिवस गोळी सोडली. ते चुकलंच माझं. सांगितलं असतं तर मार्ग होता: याच जातीची दुसरी गोळी काहींना सोसते. मला चालण्याने उतार पडला. सहकारनगरातून तळजाईची टेकडी, आधी अर्धीच, आता पूर्ण. या गोळीने हाडं विरळ होतात, म्हणून सुरुवातीलाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि योनीच्या कोरडेपणाबद्दल बोला, बायांनो. मी लाजेने ८ महिने गप्प बसले. मेडिकलमधून मनाने क्रीम आणू नका, काहींत इस्ट्रोजेनच असतं. हार्मोन नसलेलं जेल मिळतं, तेच मागा.