पवईची जलपर्णी: डीएनएसाठी नमुने कसे घ्यावेत

डीएनए तपासणीचं बरंवाईट तलावाच्या काठावरच ठरतं, हे मी प्रकल्पाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी सांगते. मुंबईच्या पवई तलावातली जलपर्णी सगळी एकाच वाणाची आहे की वेगवेगळ्या, हे आपल्याला तपासायचंय. जलपर्णी आडव्या धावत्या खोडांनी फुटवे काढते. शेजारशेजारची रोपं उचललीत, तर एकाच झाडाला पुन्हापुन्हा मोजाल.

महापालिकेची लेखी परवानगी घ्या. पाण्यात उतरू नका, पवईत मगरी आहेत. लांब दांड्याच्या आकड्याने रोप काठावर ओढा.

वारा सुटला की जलपर्णीचे थरच्या थर सरकतात, त्यामुळे एका काठावर भागत नाही. बंधाऱ्याची बाजू, समोरचा काठ, नाल्यांची तोंडं अशा जागा निवडा आणि दोन रोपांत निदान दहा मीटर अंतर ठेवा. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या चिखलात बियांपासून उगवलेली कोवळी रोपं दिसली, तर ती आवर्जून घ्या. बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं, आणि नवं वाण निघालंच तर तिथूनच निघेल.

फूल असेल तर भिंगातून पाहा. सहा पुंकेसर असतात, तीन लांब, तीन आखूड. कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, त्या दोन पातळ्यांच्या मध्ये आहे, वर आहे की खाली, ते वहीत लिहा. जगभर मधली कुक्षीच जास्त आढळते.

पान सगळ्यात कोवळं, डाग नसलेलं घ्या. देठाचा फुगीर भाग नको, त्यात नुसती हवा. पातं धुऊन, टिपून, बारीक पट्ट्या कापा आणि पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, टाका. जेल प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं. निळ्यात कोबाल्ट असतं, म्हणून मी नारिंगी घेते. ते हिरवं पडलं की लगेच बदला. दुसऱ्या दिवशी पट्टी कडकन मोडली पाहिजे. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहिलेली टाका, शाई फुटते.

काही रोपांची दोन-दोन पानं वेगवेगळ्या क्रमांकांनी द्या. निकाल जुळले नाहीत, तर चूक प्रयोगशाळेतली आहे हे कळेल.

सगळे नमुने सारखेच निघाले तर हिरमुसू नका. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या या वनस्पतीचा एकच क्लोन, म्हणजे एकाच रोपाच्या फुटव्यांची हुबेहूब पिलावळ, जगभर पसरलेला दिसतो. तेही नोंदवण्याजोगं उत्तर आहे. जलपर्णी खाऊन तिला आटोक्यात ठेवणारे भुंगेरे निवडताना ते कामी येतं.

उरलेली रोपं काठापासून दूर कडक उन्हात वाळवा. न धुतलेले बूट आणि आकडे विहार आणि तुळशी तलावांकडे मुळीच नेऊ नका. ते पिण्याचं पाणी आहे.