अपील केलं म्हणून शैक्षणिक कर्जाचा हप्ता थांबत नाही: या चुका टाळा

सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रातल्या कामामुळे मालवण-देवगडकडची बरीच मुलं शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. व्याज अनुदान (म्हणजे कर्जाचं व्याज सरकारने भरणं) नाकारलं, अपील टाकलं, आता निकाल लागेपर्यंत हप्ता भरायचा नाही, असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलेलं त्यांनी वाचलेलं असतं. हे साफ चूक आहे.

केंद्राचं व्याज अनुदान मिळतं ते फक्त मोरॅटोरियमच्या, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या, शिक्षणाची वर्षं अधिक एक वर्ष, एवढ्याच काळातल्या व्याजाला. त्यानंतरचा हप्ता अनुदान मिळो वा न मिळो, तुमचाच. अपील सरकारी निर्णयाविरुद्ध असतं, कर्जाचा करार बँकेशी असतो. कोर्टातही हाच नियम: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 5 प्रमाणे नुसत्या अपिलाने स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते.

एका मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात गोव्याला नोकरी करणाऱ्या भावाचा पगार धरला गेला आणि घरचं उत्पन्न अनुदानाच्या साडेचार लाखांच्या मर्यादेच्या वर गेलं, म्हणून अनुदान नाकारलं गेलं. तिची तक्रार रास्त होती. पण तिने मार्चपासून हप्ते बंद केले. थकबाकी 90 दिवसांवर गेली आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं. वडील सहकर्जदार, त्यामुळे सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, त्यांचंही बिघडलं. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. त्याआधी होडीच्या इंजिनासाठी त्यांनी कर्ज मागितलं, ते नाकारलं गेलं. घाबरून तिने एक हप्ता भरला. उपयोग झाला नाही, कारण खातं नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. पुढे अपिलाचा निकाल तिच्या बाजूने लागला, पण बापाचा हंगाम गेला तो गेलाच. मला याचा आजही राग येतो, तिचा नव्हे, असा सल्ला देणाऱ्यांचा.

मी सगळ्यांना एकच सांगतो: अपिलाची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, हप्ता कमी करून किंवा मुदत वाढवून मागा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. 'साहेब हो म्हणाले' याला काही अर्थ नाही. बँकेचं लेखी उत्तर येईपर्यंत हप्ता भरत राहा.

'आंब्याचे पैसे आले की एकदम भरू' हेही नको. मे महिना येईपर्यंत 90 दिवस उलटून जातात.

उत्पन्नाचा दाखलाच नाकारला असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खालचं पहिलं अपील 30 दिवसांत करा. मुंबईहून चाकरमानी काका गणपतीला येईल आणि बघेल, म्हणून थांबू नका.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्या तक्रारीनेही हप्ता थांबत नाही.