वसतिगृहाचे खरकटे आणि आवारातला पाला: विद्यापीठात कंपोस्टची व्यवस्था कशी उभारावी

महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांच्या आणि मोठ्या महाविद्यालयांच्या आवारात वजनाने सर्वांत जास्त भरणारा कचरा दोन प्रकारचा असतो: झाडांचा पाला आणि वसतिगृहांच्या खाणावळींतील ओला कचरा. दोन्ही एकत्र कुजवले की उत्तम खत होते, हे सर्वांना ठाऊक असते. अडचण वेळापत्रकाची आहे. पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते, मे महिन्यात खाणावळी जवळजवळ ओस पडतात आणि जुलैपासून त्या पुन्हा भरतात, तेव्हा जमिनीवर पान सापडत नाही. उन्हाळ्यात पाला जाळून टाकायचा आणि पावसाळ्यात नुसते खरकटे खड्ड्यात ओतायचे, असा प्रकार झाला की ऑगस्टपर्यंत दुर्गंधी, माश्या आणि तक्रारी यांमुळे प्रकल्प बंद पडतो. म्हणून या कामाची सुरुवात खड्डे खणण्यापासून न करता पाला साठवण्यापासून करावी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची, तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या विद्यापीठांना, शिक्षणसंस्थांना आणि वसतिगृहांना मोठ्या कचरा उत्पादकांत गणले आणि ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. कुलसचिवांकडे प्रस्ताव नेताना हे दोन मुद्दे पहिल्याच पानावर असावेत. पर्यावरणप्रेमापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेच्या निकषांत कचरा व्यवस्थापन आणि हरित परिसर यांचा विचार होतो, हेही नमूद करावे. मात्र नॅकची समिती येण्याच्या महिनाभर आधी ‘हरित परिसर’ अशी पाटी लावून त्याखाली छायाचित्र काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यासाठी हा लेख नाही.

प्रस्तावाआधी वजन करावे. किमान एक आठवडा, रविवारची मेजवानी आणि एखादा उपवासाचा दिवस धरून, प्रत्येक खाणावळीचा ओला कचरा तीन वेगळ्या पिंपांत घ्यावा: भाजी निवडताना व चिरताना निघालेला, ताटांत उरलेला आणि भांड्यांत शिल्लक राहिलेला. तिन्ही पिंपे रोज ठरलेल्या वेळी तोलकाट्यावर ठेवून आकडा तिथल्या तिथे वहीत लिहावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. हे तीन आकडे वेगळे ठेवण्याचे कारण असे, की त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. ताटांतले उरणे वाढप लहान केल्याने आणि हवे असल्यास पुन्हा वाढल्याने कमी होते. भांड्यांतले उरणे मात्र विद्यार्थ्यांना उपदेश करून कमी होत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी किती जण जेवणार याची नोंद कंत्राटदारापर्यंत दुपारीच पोहोचली, तरच त्यात फरक पडतो. जे अन्न मुळात वाया जायलाच नको, त्यासाठी कंपोस्टचे कप्पे बांधण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. समजा, ही काटछाट केल्यानंतरही रोज ६० किलो ओला कचरा उरतो. खरकट्यात पाणी आणि नत्र अधिक असते, कोरड्या पाल्यात कर्ब अधिक असतो, आणि कुजवणारे जिवाणू नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग असतील तेव्हा सर्वांत जोमाने काम करतात. वजनाने तीन भाग ओला कचरा आणि एक भाग खडखडीत वाळलेला पाला घेतला, तर हे प्रमाण जवळजवळ साधते आणि मिश्रणातला ओलावाही ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहतो. म्हणजे ६० किलो खरकट्याला रोज २० किलो पाला लागेल. जुलै ते फेब्रुवारी या काळासाठी सुट्ट्या वजा जाता सुमारे साडेचार टन पाला आधीच साठवलेला असला पाहिजे. बारीक केलेला कोरडा पाला घनमीटरला साधारण १०० किलो बसतो असे धरले, तर १३ फूट लांब, १० फूट रुंद आणि ५ फूट उंच अशा जाळीच्या तीन कोठ्या पुरतात. त्यांवर पत्रा हवाच, कारण जूनच्या पहिल्या पावसात भिजलेला पाला जुलैपर्यंत काळा लगदा होतो आणि मग तो खरकट्यातले पाणी शोषून घेण्याच्या कामाचा उरत नाही.

पाल्याच्या बाबतीत सरसकट एकच नियम चालत नाही. रेन ट्री, गुलमोहर, सुबाभूळ यांची पर्णिका बारीक असल्याने तशीच टाकता येते. आंबा, वड, फणस, सप्तपर्णी यांची पाने जाड आणि चिवट असतात. ती यंत्रातून बारीक करून घेतली नाहीत, तर दोन महिन्यांनीही कप्प्यात जशीच्या तशी सापडतात. निलगिरीचा पाला सावकाश कुजतो, तो मोठ्या झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावा. बोगनवेलीच्या काटेरी फांद्या मुळीच घेऊ नयेत, कारण मिश्रण फावड्याने आणि हाताने परतायचे असते. रस्त्यांवरून खराट्याने झाडलेल्या पाल्यात माती, गुटख्याच्या पुड्या, पिना आणि बाटल्यांची झाकणे येतात. तो पाला वेगळा ठेवून चाळल्याखेरीज कोठीत जाऊ देऊ नये. झाडांखालचा पाला लोखंडी दाताळ्याने ओढून गोळा केला, तर हा त्रास पुष्कळ वाचतो. सगळाच पाला उचलावा असेही नाही. टेकडीवरचा आणि वर्दळ नसलेल्या भागातला पाला जागीच राहू द्यावा, त्या मातीला तो हवा असतो.

कप्पे विटांचे, मध्ये मध्ये वीट सोडून हवेला वाट ठेवलेले, ४ फूट लांब-रुंद आणि साडेतीन फूट उंच असावेत. यापेक्षा लहान कप्प्यात उष्णता टिकत नाही आणि फार मोठ्या कप्प्यात मध्यभागी हवा पोहोचत नाही. वरील हिशेबाने एक कप्पा साधारण आठवड्यात भरतो आणि माल कुजायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून नऊ किंवा दहा कप्पे बांधावेत. त्यांतला एक परतण्यासाठी नेहमी रिकामा ठेवावा. जागा विहिरीपासून दूर, उंचवट्यावर आणि खाणावळीपासून हातगाडीने नेता येईल इतकी जवळ असावी. तळाला वीतभर काटक्या, त्यावर पाला आणि मग रोजचे मिश्रण, असा क्रम ठेवावा. भाताचे गोळे फोडून घ्यावेत, रश्शाचे पाणी गाळून काढावे, आणि प्रत्येक दिवसाच्या थरावर वरून चार बोटे कोरडा पाला पडलाच पाहिजे, उघडे अन्न दिसता कामा नये. पहिल्या वेळी विरजण म्हणून शेणकाला किंवा कुठले तरी तयार कंपोस्ट घालावे. पुढे आपलेच खत पुरते. बाजारातली महागडी जिवाणूंची पाकिटे घेण्याची गरज मला तरी कधी पटलेली नाही.

कप्प्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे पाहण्याच्या दोन साध्या खुणा आहेत. मूठभर माल घट्ट दाबला असता बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवावा, मूठ उघडताच माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडावे. दुसरी खूण लोखंडी सळईची. भरून चार दिवस झालेल्या कप्प्याच्या मध्यापर्यंत ती खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढली, की हातात धरवू नये इतकी तापलेली असावी. आत ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिले, तरच रोगजंतू आणि तणांचे बी मरते. सळई कोमट निघाली तर माल रिकाम्या कप्प्यात परतून घ्यावा. अमोनियाचा उग्र वास म्हणजे नत्र जास्त झाले. कुजट, सडका वास म्हणजे हवा कोंडली.

पातळ, तेलकट अन्नच अधिक निघत असेल आणि स्वयंपाकघराला गॅस वापरता येत असेल, तर बायोगॅसचा विचार करावा. पुण्याच्या आरती या संस्थेच्या अन्नकचऱ्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्राला २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता, तर भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ हे तंत्र मोठ्या प्रमाणासाठी आहे. पाल्याचा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.

हे काम प्रत्यक्ष कोण करणार, हा प्रश्न बहुतेक प्रस्तावांत शेवटच्या ओळीत असतो, तो पहिल्या बैठकीतच सोडवावा. सफाई कामगारांच्या माथी जादा काम मारून चालत नाही; या आकाराच्या केंद्राला दोन माणसांचा नियमित रोजगार, हातमोजे, गमबूट आणि अंघोळीची सोय यांची तरतूद निविदेतच लिहिलेली असावी. या बाबतीत विद्यापीठांना दूर पाहण्याची गरज नाही. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातूनच आकाराला आली, आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. आवारातला सुका कचरा अशा संघटित कचरावेचकांकडेच द्यावा, आणि तो खरकट्याने माखणार नाही याची काळजी वर्गीकरण करणाऱ्यांनी घ्यावी.

तयार खत गडद तपकिरी, मातीच्या वासाचे आणि थंड असते. तरीही वापरण्यापूर्वी एका कुंडीत निम्मी माती व निम्मे खत आणि दुसऱ्या कुंडीत नुसती माती घेऊन दोन्हींत मेथीचे दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली, तर खत कच्चे आहे. ते आणखी दोन-तीन आठवडे ठेवावे. पहिल्या वर्षीचे खत विकण्याच्या फंदात न पडता रोपवाटिकेला आणि ५ जूनला लावल्या जाणाऱ्या झाडांच्या खड्ड्यांना द्यावे. परीक्षा संपून खाणावळी बंद होण्याच्या आठवड्यात शेवटचा कप्पा भरून वर पाल्याचा जाड थर द्यावा, आठवड्यातून एकदा पाणी मारण्याची जबाबदारी उद्यान विभागाच्या एका माणसावर नावानिशी सोपवावी, आणि त्याच काळात जाळीच्या कोठ्या पत्र्यापर्यंत भरून घ्याव्यात.