जुनी गंजलेली पिकअप कमी पैशांत उभी करताय? किनाऱ्यावर या चुका टाळा

मे महिन्यात रंगवलेली माझी पिकअप गणपतीपर्यंत फुगली. डाव्या मडगार्डच्या कडेला तांदळाएवढे फोड आले होते. एक फोड नखाने उचकटला तर रंग, प्रायमर आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) एकाच तुकड्यात हातात आली. खाली काळपट पत्रा, तोही ओलसर. चार दिवस चांगलं ऊन पडलं होतं, तरी ओलसर.

गाडी जुनी महिंद्राची, प्यूजोच्या 2112 सीसीच्या डिझेल इंजिनाची. आधीच्या मालकाने ती कोकणातल्या हर्णै बंदरावर मासळीसाठी चालवलेली. इंजिन ठणठणीत होतं, पण हौद्यातून वर्षानुवर्षं बर्फाचं खारं पाणी गळून पत्रा आणि चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) दोन्ही पोखरलेली. मडगार्डचा तो तुकडा घेऊन मी गावातल्या म्हाताऱ्या टिंकरकडे, म्हणजे गाड्यांचं पत्राकाम करणाऱ्याकडे गेलो.

"चाचा, रंग चांगल्या कंपनीचा होता हो."

"रंगाचं सोड. पत्रा धुतलास कशाने?"

"विहिरीच्या पाण्याने."

"किनाऱ्याची विहीर! एक घोट पिऊन बघ आधी."

पाणी मचूळ होतं. आम्ही ते रोज वापरतो, त्यामुळे कधी जाणवलंच नाही. मी पत्र्यावरचं मीठ धुतलं नव्हतं, नवीन लावलं होतं.

रंगाखाली मीठ कोंडणं

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते आपण लहानपणापासून बघतो. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आपल्याकडे पावसाळाभर हवा तशीच असते. गंजाच्या खड्ड्यांत अडकलेलं मीठ रंगाखाली नेमकं हेच करतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात. मीठ तिथे पाणी धरून ठेवतं आणि गंजाचा वेग वाढवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग वर उचलला जातो. घाटावरच्या कोरड्या हवेत जे काम दहा वर्षं टिकतं, ते इथे एका पावसात फुगतं. त्यामुळे तिकडचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका.

घासण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुवा, घासून झाल्यावर पुन्हा धुवा. नळाचं पाणी नसेल तर पावसाळ्यात पागोळीचं पाणी पिंपात साठवून ठेवा, यापेक्षा स्वस्त उपाय नाही. चॅसीच्या आतल्या बाजूला, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरमागे आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर पाइप धरून भरपूर पाणी मारा. खड्ड्यांतला गंज वायर ब्रशने काढा. नुसता ग्राइंडर फिरवला तर वरचा भाग चकचकीत होतो, पण खड्ड्याच्या तळाचा काळा गंज तसाच राहतो. घट्ट चिकटून राहिलेल्या पातळ थरावरच रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा पक्का थर बनवणारं रसायन) लावायचा. सुटणाऱ्या पापुद्र्यावर लावला तर तो पापुद्र्यासकट गळून पडतो.

वरून सुरुवात करणं

पैसे कमी असले की माणूस आधी दिसणाऱ्या भागाला हात घालतो, कारण गाडी सुंदर दिसली की हुरूप येतो. तो हुरूप मला कळतो. पण क्रम उलटा हवा: आधी चॅसी, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग वायरिंग, मग पत्रा, शेवटी रंग. माझ्या पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त पैसे रंगात गेले आणि दुसऱ्या वर्षी मागचा क्रॉस मेंबर (चॅसीची आडवी पट्टी) बदलायला तोच रंग जाळावा लागला.

गाडी घेण्यापूर्वी अर्धा तास खाली झोपून काढा. हातात छोटी हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर. चांगल्या लोखंडावर हातोडी टण्णकन वाजते आणि उसळते. खाल्लेल्या लोखंडावर ती भद्द आवाज करते आणि पापुद्रे डोळ्यांत पडतात, म्हणून चष्मा लावा. मागच्या एक्सलच्या वर चॅसी जिथे वाकते ती जागा, पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि केबिनच्या रबरी माउंटिंगखालचा भाग नीट ठोकून पाहा. स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि आत गेला तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मडगार्डवर चुंबक फिरवा. लांबीच्या जाड थरावर तो धरत नाही. स्टिअरिंग बॉक्सजवळ किंवा हँगरजवळ चॅसी सडलेली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी सोडा, हे माझं ठाम मत आहे.

पायाखालचं रबर मॅट उचलायला विसरू नका. समोरच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून पाणी झिरपतं, मॅटखाली साचतं आणि केबिनचा तळ आतून सडतो. ते रबर न बदलता तळाला नवा पत्रा लावला तर तोही जाईल.

घाईत लावलेले तुकडे

सडक्या पत्र्यावर वरून दुसरा पत्रा डकवणं ही सगळीकडे चालणारी पद्धत आहे. दोन पत्र्यांमध्ये पाणी बसतं आणि नवा तुकडा आतून खायला लागतो. सडका भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून टाका आणि त्या मापाचा तुकडा कडेला कड लावून बसवा. केबिन आणि मडगार्डला 18 किंवा 20 गेजचा पत्रा पुरतो. साध्या आर्क वेल्डिंगने त्याला भोकं पडतात, त्यामुळे सीओटू (वायूच्या आडोशात बारीक तारेने करतात ते) वेल्डिंगवालाच शोधा. सलग रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, थंड होऊ द्यायचं, मग मधली जागा भरायची. वेळ लागतो, तरी वाकलेला पत्रा सरळ करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चॅसीवर मात्र हौशी हाताने काम करू नका. तिथे पट्टी लावताना वरच्या-खालच्या कडांवर आडवी, सरळ वेल्डिंग मारली की पुढे त्याच रेघेवर तडा जातो. पट्टीची टोकं तिरपी कापतात ती त्यासाठीच. हे माहीत असलेल्या माणसाला दोन पैसे जास्त द्या.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा. जीआय पत्रा जोडत असाल तर त्यावरचं जस्त आधी घासून काढा. त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिला गळती असेल तर वेल्डिंग करू नका, दुसरी टाकी शोधा. जुने भाग मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात मिळतात, पण जाताना मोडका नमुना पिशवीत न्या. नुसतं मॉडेल सांगून आणलेला भाग बहुतेक वेळा बसत नाही.

एका दिवसात सगळी गाडी सोलणं

उघडा पत्रा आपल्याकडे एक रात्रही तग धरत नाही. संध्याकाळी चांदीसारखा दिसणारा दरवाजा पहाटेच्या दवाने सकाळी नारिंगी झालेला असतो. दुपारी चारपर्यंत जेवढ्यावर प्रायमर चढेल तेवढंच सकाळी घासायला घ्या. घासलेल्या जागेला हातही लावू नका, घामातही मीठ असतं.

प्रायमरच्या बाबतीत काटकसर नको. साधा रेड ऑक्साइड स्वस्त असतो, पण तो पाणी अडवत नाही. "आत्ता प्रायमर मारून ठेवू, रंग दिवाळीनंतर" म्हणून कितीतरी गाड्या लालभडक उभ्या असतात आणि पावसाळाभर पाणी पीत राहतात. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. रंगात एक पायरी खाली उतरलात तरी चालेल. लांबी लागलीच तर इपॉक्सीवर, पातळ, 3 मिलिमीटरच्या आत.

कामाचे दिवस नोव्हेंबर ते एप्रिल. रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी अकरा ते दुपारी तीन. दमट हवेत रंग मारला तर तो सुकताना पांढुरका पडतो. मृगाच्या तोंडावर घाईने रंगवणं म्हणजे पैसे पावसात ओतणं, आणि मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं.

डांबर आणि जळकं ऑइल

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. लोखंडाला काही दिवस फायदा होतो, हे खरं. पण पाट्यांच्या आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशा त्याने फुगून मऊ पडतात, ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर ब्रेक निकामी होतो आणि ठिबकलेलं ऑइल जांभ्याच्या जमिनीतून झिरपत विहिरीपर्यंत जाऊ शकतं. डांबरी कोटिंगचं दुखणं वेगळं. स्वच्छ, प्रायमर केलेल्या लोखंडावर ते चांगलं. गंजावर मारलं की वरून काळं, गुळगुळीत दिसतं आणि आत पाणी कोंडून राहतं. विकाऊ गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर तिथे हातोडी दोनदा मारा. दरवाज्यांच्या आणि चॅसीच्या पोकळीत मेणाचं कोटिंग फवारलं तर ते फटींत शिरतं आणि पाणी दूर ठेवतं.

नटबोल्ट आणि छोटे भाग

गंजलेल्या नटावर सगळी ताकद लावली की बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या रात्री नटावर डिझेल ओता, सकाळी वायर ब्रशने आटे साफ करा, मग जरा घट्ट, जरा सैल असं फिरवत काढा. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घाला. ते ताणले गेलेले असतात.

बिजागऱ्या, कड्या, फाळक्याच्या साखळ्या यांचा गंज काढायला घरगुती उपाय उत्तम चालतो: प्लास्टिकच्या बादलीत पाणी, धुण्याचा सोडा, एक लोखंडी पट्टी आणि बॅटरी चार्जर. चार्जरची ऋण तार गंजक्या वस्तूला, धन तार पट्टीला. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम अंगणात करा, घरात नाही, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन येतो. स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात किंवा आम्लात बुडवू नका, ते ठिसूळ होतात.

कागद नंतर बघू म्हणणं

याबद्दल थोडक्यात, पण हे सगळ्यात महाग पडतं. आरसी बुकावरचा चॅसी नंबर आणि चॅसीवर ठोकलेला नंबर जुळतो का, ते पैसे देण्याआधी बघा. बँकेचा बोजा उतरवला आहे का, कर थकला आहे का, फिटनेस कधी संपलं, तेही विचारा. मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतं. आणि घासताना चॅसी नंबरवर ग्राइंडर फिरवू नका. आरटीओच्या अर्जावर पेन्सिलने त्याचाच ठसा घ्यावा लागतो. तिथला गंज कापडाने आणि मऊ ब्रशने काढून वर ग्रीस लावा. माझ्या ओळखीच्या एकाच्या गाडीचे दोन आकडे असेच पुसले गेले आणि उभी केलेली गाडी सात महिने अंगणात राहिली.

गाडी उभी झाल्यावरच्या तक्रारी

रंग झाला आणि दिवे मंद झाले, स्टार्टर कण्हायला लागला, तर बॅटरी बदलू नका. अर्थिंगच्या जागेवर रंग बसला असेल. बोल्ट काढा, उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा, कसून आवळा, वर व्हॅसलिन लावा. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गंजून अडकलेला असतो. नुसता रबरांचा किट बदलून भागत नाही, आत बोट फिरवा, खड्डे लागले तर सिलिंडरच नवा हवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. सकाळी इंजिन पांढरा धूर सोडत उशिरा पेट घेत असेल तर डिझेल पंपाला हात लावण्याआधी हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे) एकेक करून तपासा. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, ब्रेकचा शू ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा.

गाडीवर ताडपत्री आवळून बांधणं हीदेखील चूकच. आत वाफ धरते. वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या, असा मांडव हवा. खाली गवत नको, खडी किंवा जांभ्याची फरशी हवी.

आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेची भोकं. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणून ती ठेवलेली असतात. लाल माती आणि आंब्याचा मोहोर त्यांत गच्च बसतो, रंगकामात लांबीनेही ती बुजतात. मृगाआधी आणि नंतर दर पंधरा दिवसांनी माडाच्या झावळीची एक हीर घेऊन प्रत्येक भोकात घालतो. गेल्या श्रावणात उजव्या दरवाज्यातून तांब्याभर गढूळ पाणी निघालं.