जेन ऑस्टेनच्या पात्रांमागची माणसे कशी शोधावीत

आरंभ चरित्रग्रंथांऐवजी पत्रांपासून करावा. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेन हिची सुमारे 160 पत्रे आज उपलब्ध आहेत. बाकीची बरीचशी बहीण कॅसँड्राने जाळली, म्हणून एखाद्या गोष्टीचा पत्रांत उल्लेख नाही यावरून ती घडलीच नाही असे मानू नये. मे 1801च्या पत्रात जेन सांगते की, नौदलातील धाकटा भाऊ चार्ल्स याने बक्षिसाच्या रकमेतून (शत्रूचे जहाज पकडल्याबद्दल मिळणाऱ्या वाट्यातून) दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले. 1814च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या तिच्या कादंबरीत नौदलातलाच विल्यम आपली बहीण, म्हणजे नायिका फॅनी हिच्यासाठी सिसिलीहून अंबरचा क्रूस आणतो, पण साखळी घेण्याची त्याची ऐपत नसते. हा फरक आवर्जून टिपावा, कारण कादंबरीतला पुढचा प्रसंग त्या नसलेल्या साखळीवरच उभा आहे.

मग चर्चच्या नोंदी ताडून पाहाव्यात. (जेनच्या जन्मगावाच्या, स्टीव्हन्टनच्या, विवाह नोंदवहीतील नमुन्याच्या पानावर खुद्द जेनने लहानपणी स्वतःसाठी काल्पनिक नवरदेव लिहून ठेवले आहेत!)

नातेवाइकांची साक्षही जपून वापरावी. भाऊ फ्रान्सिसने 1852 मध्ये ‘पर्स्युएशन’ या कादंबरीतील कॅप्टन हार्व्हिलच्या काही घरगुती सवयी आपल्याशी जुळतात असे लिहिले, तिचा नायक कॅप्टन वेंटवर्थ याच्याविषयी मात्र खात्री दिली नाही. तेव्हा ‘अमुक म्हणजेच तमुक’ असे न ठरवता कोणता गुण कोठून आला असावा, एवढेच नोंदवावे.